वीरगळापुढचा दिवा

मावळ मुलखात जुन्या देवळांच्या आवारात पुष्कळदा एखादा कोरीव दगड उभा असतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्याला चंद्र-सूर्य. हाच वीरगळ. त्यावर बहुधा नाव नसते. गावासाठी, गाईगुरांसाठी जो कामी आला त्याला गावाने देवाच्या दारात जागा दिली, एवढेच तो दगड सांगतो. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर ही आठवण राहील, असा त्याचा अर्थ.

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी हे ऋण आठवणे अगत्याचे आहे. शिवरे ज्या भोर तालुक्यात वसले आहे त्याचा इतिहासच अशा ऋणांचा आहे.

सन १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा कारीचे कान्होजी जेधे आदिलशाहीचे फर्मान बाजूस सारून, वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या पाठीशी पुत्रांसह उभे राहिले. दरबारात मानाचे पहिले पान जेध्यांचे झाले. पुढच्याच वर्षी, १६६० च्या जुलै महिन्यात, घोडखिंडीत शिंद गावचे बाजीप्रभू देशपांडे व हिरडस मावळातील बांदलांचे लोक यांनी देह ठेवून शत्रूला रोखले आणि महाराज विशाळगडी सुखरूप पोचले. खिंड पावन झाली. त्यानंतर महाराजांनी ते पहिले पान बांदलांना दिले व जेध्यांनी आनंदाने आपला मान सोडला. कृतज्ञता ही अशी असते. ती आपल्या पानातून काढून द्यावी लागते.

पुढे राज्य गेले, पण शिपाईबाणा गेला नाही. मात्र तलवार परक्याच्या चाकरीत गेली. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी इराकात कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ पर्यंत त्यांनी उपासमार सोसली. अखेर शरणागती झाली आणि कित्येक जण कैदेत मेले. दुसऱ्या महायुद्धात तर हिंदुस्थानच्या पुढाऱ्यांना न विचारताच सरकारने १९३९ साली देश लढाईत ओढला. तरीही मराठा शिपायाने कसूर केली नाही. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सोबतचे सर्व पडले वा जखमी झाले. ते एकटेच धावून गेले, त्यांनी मोर्चा मोडला आणि तेथेच धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या नावे लागला. वय अवघे बावीस.

ज्यांनी हे रक्त सांडले, त्यांना आपले राज्य नव्हते. कोणाशी लढायचे हे दुसराच ठरवीत होता. म्हणून त्यांचे मरण उणे ठरत नाही. उलट त्यावरून स्वातंत्र्य म्हणजे काय ते कळते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. १९४८ साली भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूच्या माऱ्यात दिवसरात्र सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली व परमवीर चक्र मिळविले. शौर्य तेच, पण आता देश स्वतःचा होता. १९५०च्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढास मत दिले. शिपायाला सीमेवर धाडणारे सरकार निवडणारे आता गावकरीच आहेत. तेव्हा मत विकणे, गावाच्या कामात लबाडी करणे, जातीवरून शेजाऱ्याला देवळाच्या पायरीवर अडविणे, हे त्या शिपायाच्या मरणाचा मोबदला बुडविण्यासारखे आहे.

देवळाचे काम काढताना जुने दगड हलवावे लागतात. कोठे एखादा वीरगळ निघाला, तर तो पायात किंवा बांधाला न घालता आवारात पूर्वेकडे तोंड करून उभा करावा. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन पाळला जातो. त्या सायंकाळी तेथे एक दिवा लावावा आणि गावातील माजी सैनिकास तो लावण्याचा पहिला मान द्यावा. पहिले पान कोणाचे, हे या मावळाने तीनशे साठ वर्षांपूर्वीच ठरवून ठेवले आहे.