पावरी, लॅपटॉप आणि १९८३ सालची एक चावी

गेल्या मे महिन्यात मित्राच्या भावाच्या लग्नासाठी धानोऱ्याला (जि. नंदुरबार) गेलो होतो. बँजो पार्टीतला कीबोर्डवाला लॅपटॉप जोडून चक्क पावरी वाजवत होता! आवाज अस्सल. शेजारी एक आजोबा बसले होते. पूर्वी लग्नांत तेच पावरी वाजवायचे, आता बोलावणं येत नाही. म्हणाले, "हा सारखा थांबतो."

थांबत तर नव्हता! मग मला काय ऐकू येत नव्हतं?

परत आल्यावर डोक्यात तेच. लॅपटॉपमधली पावरी म्हणजे प्लग-इन. १९९६ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने क्यूबेससाठी व्हीएसटी आणलं आणि त्याचे नियम इतरांनाही खुले केले. तोपर्यंत इफेक्टसाठी महागडी यंत्रं लागायची, आता एक डीएलएल फाईल पुरे. काम तसं सरळ आहे. मुख्य प्रोग्रॅम २५६ आकडे देतो, प्लग-इन त्यावर गणित करून परत देतो. सेकंदाला ४४,१०० आकडे म्हटले तर हातात जेमतेम ५.८ मिलिसेकंद. चुकलात की स्पीकर कडकडला. (आमच्या प्रोजेक्टच्या डेडलाईन्स यापुढे किस झाड की पत्ती!)

१९९९ मध्ये व्हीएसटी २ आलं आणि प्लग-इनमध्ये मिडीचे संदेशही जाऊ लागले. म्हणजे आता खुद्द वाद्यच प्लग-इन झालं. खरी गोम इथे आहे. मिडी १९८३ चं, सिंथेसायझरवाल्यांनी बनवलेलं. त्याच्या लेखी सूर म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा: चावी दाबली, चावी सोडली. पियानोला हे चपखल बसतं. पावरीवाला मात्र गाल फुगवून नाकाने श्वास घेत राहतो, फुंक तुटतच नाही. प्लग-इन दर चावीला रेकॉर्डिंग पहिल्यापासून वाजवतं, म्हणजे दर सुराला नवी फुंक. आजोबांना नेमकं तेच ऐकू आलं होतं.

यावर लेगॅटो नावाचा उपाय आहे, दोन सूर जोडणारा. कीबोर्डवाल्याला फोन करून तो सुरू करायला लावला. मग त्याने आजोबांना गाठून ऐकवलं म्हणे. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "आता थांबत नाही. पण हा श्वास कधी घेतो?"

त्याने मला विचारलंय. दिवाळीत रेकॉर्डर घेऊन जातोय. आजोबांनी पावरी काढून ठेवायचं कबूल केलंय, बिदागी ठरवूनच.