बेकौली : समुद्रावरच्या कागदांचा इतिहास

पूर्णगड हा किल्ला म्हणून तसा लहानच. पावसहून थोडे दक्षिणेला गेले, की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या जागी तो टेकडीवर बसलेला आहे. वर उभे राहिले की एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र, दोन्ही एकाच नजरेत येतात. मोठ्या लढाईसाठी अशी जागा कुणी निवडत नाही. ती निवडतात ती येणारे-जाणारे गलबत हेरण्यासाठी, आणि गलबत दिसले की पहिला प्रश्न ठरलेला असे : हे कुणाचे, आणि याच्याजवळ कौल आहे काय?

'कौल' हा शब्द कोकणात आपण देवळाच्या संदर्भात ऐकतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन असा आहे, आणि जुन्या दप्तरांत तो अभयाचे वचन म्हणूनच येतो. ज्याच्या गलबताला असे वचन नाही ते 'बेकौली'. जमिनीवरच्या माणसाला निदान गाव असते, पाटील असतो, ओळख सांगणारे चार शेजारी असतात. पाण्यावर यांतले काहीच नाही. तेथे कागद नसलेला माणूस कुणाचाच रयत नव्हता. त्याला लुटणे हा गुन्हाही ठरत नसे.

ही व्यवस्था या समुद्रावर पद्धतशीरपणे लादली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. जहाज केवढे, नाखवा कोण, शस्त्रे किती, जायचे कुठे, हे सारे त्यात लिहिलेले असे. मिरी, घोडे, शस्त्रे यांवर निर्बंध असत. कार्ताझची फी किरकोळ होती, पण त्यातील अटीप्रमाणे पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी लागे. खरी वसुली तेथे होई. शिवाय किल्ल्यांच्या कप्तानगिऱ्या बहुधा तीन वर्षांसाठी, बक्षीस म्हणून दिल्या जात. सतराव्या शतकात तर त्या लिलावातही निघाल्या. तीन वर्षांत घातलेले पैसे व्याजासकट काढायचे असतील तर कप्तानाने काय करावे, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. दियोगो दो कोउतो हा गोव्यात राहिलेला पोर्तुगीज बखरकार. त्याने 'ओ सोल्दादो प्रातिको' या संवादरूप ग्रंथात आपल्याच अधिकाऱ्यांच्या या लुटारूपणाची झाडाझडती घेतली आहे. आपल्याकडच्या साहित्याच्या अभ्यासकांनी तो ग्रंथ अजून हवा तसा पाहिलेला नाही, असे मला वाटते.

या कागदापुढे बादशाही घराणेही सुटले नाही. १५७५ मध्ये अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा परवान्यावाचून तिचा मुक्काम सुरतेस जवळजवळ वर्षभर लांबला. वाट मोकळी राहावी म्हणून पोर्तुगीजांना बुत्सर नावाचे गाव द्यावे लागले. तिचा भाऊ हुमायून, भाचा हिंदुस्थानचा बादशहा, आणि तरी किनाऱ्यावर ती अडकलेली प्रवासी! त्या काळी दरबारातील एका विद्वानाने असा निर्णय दिल्याचे बदायुनी नोंदवतो की, कार्ताझवर येशू आणि मेरी यांच्या प्रतिमा असल्यामुळे समुद्रमार्गे हजला जाणे बंधनकारक राहत नाही. पुढे १६१३ मध्ये जहांगिराच्या आईचे 'रहिमी' हे जहाज रीतसर कार्ताझ असतानाही सुरतेजवळ पकडून, सुमारे ७०० प्रवाशांसह गोव्यास नेले गेले. म्हणजे कागद विकत घेऊनही अभय मिळेलच असे नव्हते. ते देणाऱ्याच्या त्या दिवशीच्या राजकारणावर अवलंबून होते.

मराठी बाजू काय सांगते? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावे. कौल घेतलेल्या सावकारांच्या वाटेस जाऊ नये. परमुलखीचे बेकौली तरांडे आढळले तर ते बंदरी आणावे, पण त्यातल्या मालाला धक्का न लावता आणि आतल्या लोकांना दिलासा देऊन, असा त्याचा रोख आहे. त्याहून मार्मिक आहे ती पगाराची गोष्ट. आरमाराचा खर्च मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदरांच्या उत्पन्नावर सोडू नये, असे अमात्य सांगतात. कारण तसे केले तर सावकारांना उपद्रव होऊन बंदरेच बुडतील. नीतीचे प्रवचन न करता लाचखोरीचे मूळ पगाराच्या सोयीत शोधणारा हा विचार १७१६ च्या सुमारास मराठीत लिहिला गेला. प्रत्यक्षात तो कितपत पाळला गेला, हा निराळा विषय.

कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक सुरू केले तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले. १७१३ च्या तहानंतरही वाद पेटला तो एका अडचणीच्या प्रश्नावर : कंपनीच्या निशाणाखाली हिंदी सावकाराचे गलबत चालले असेल, तर ते इंग्रजी मानायचे काय? आपल्याकडे या प्रकरणी 'कान्होजी चाचा नव्हता' असे ठासून सांगण्याची चढाओढ असते, आणि ते बरोबरही आहे. पण त्या आवेशात कागदांच्या व्यापाराकडे दुर्लक्ष होते. बंगालमध्ये तो उघडाच झाला. कंपनीच्या मालासाठी मिळालेली जकातमाफीची दस्तके कंपनीचे नोकर खासगी व्यापारासाठी वापरीत आणि हिंदी व्यापाऱ्यांना विकीतही. मीर कासिमने कंटाळून १७६३ मध्ये सर्वांचीच जकात उठवली, आणि त्यातून युद्ध उभे राहिले. कागदाची किंमत शून्य करणे हाच सर्वांत मोठा अपराध ठरला.

या साऱ्यात खलाशी कुठे होता? परवाना गलबताचा असे, माणसाचा नव्हे. गलबत पकडले गेले की त्याच्यावरचा तांडेल-खलाशी कुणाचा, याचा निवाडा दुसरेच कुणी करीत.

तो निवाडा आजही लांबतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. गुजरातचे आणि पालघरचे मच्छीमार त्या याद्यांत असतात. शिक्षा भोगून झाली तरी राष्ट्रीयत्वाची खातरजमा होईपर्यंत त्यांना तुरुंगातच थांबावे लागते.