तुलूझचे काउंट : वारसाक्रम (१०९४–१२७१)

पहिले क्रुसेड आणि काथार पाखंड या दोन्ही प्रकरणांत दक्षिण फ्रान्समधील तुलूझच्या काउंटांचा उल्लेख वारंवार येतो. त्यांतील अनेकांचे नाव रेमंड असल्याने वाचकांचा गोंधळ होतो. म्हणून त्यांचा क्रम आम्ही येथे देत आहोत.

काउंट विल्यम चौथे यांच्यामागे पुत्र नव्हता. फिलिपा ही एकुलती कन्या होती. तिला डावलून १०९४ च्या सुमारास विल्यम यांचे बंधू रेमंड चौथे गादीवर आले. ते क्रुसेडवर असताना फिलिपाचे पती, आक्वितेनचे ड्यूक, यांनी पत्नीच्या हक्कासाठी १०९८ साली तुलूझ ताब्यात घेतले. हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. रेमंड ११०५ साली त्रिपोलीनजीक मरण पावले. त्यांच्यानंतर पुत्र बर्ट्रांड (मृत्यू १११२) व पुढे धाकटे पुत्र आल्फाँस (मृत्यू ११४८) काउंट झाले. आल्फाँस यांचा स्नानसंस्कार यार्देन नदीत झाला होता.

रेमंड पाचवे (११४८–११९४) यांच्यामागून रेमंड सहावे आले. काथार पंथीयांना पाठीशी घातल्याचा ठपका त्यांच्यावर होता. १२०८ साली पोपचे प्रतिनिधी पिएर द कास्तेलनो यांची हत्या झाली व संशय काउंटांवर आला. १२०९ साली सें-जील येथे त्यांनी फटके सोसून जाहीर प्रायश्चित्त केले; तथापि ते पुन्हा बहिष्कृत झाले. चौथ्या लातेरान परिषदेने १२१५ साली त्यांचे तुलूझ सिमों द मोंफोर यांना दिले. त्याच वर्षी, त्याच शहरात संत डॉमनिक आपल्या संघाची पायाभरणी करीत होते. सिमों १२१८ साली तुलूझच्या वेढ्यात ठार झाले. रेमंड सहावे १२२२ साली बहिष्कृत स्थितीतच वारले. पुत्राने प्रयत्न करूनही त्यांना ख्रिस्ती दफन लाभले नाही.

तो पुत्र म्हणजे रेमंड सातवे (१२२२–१२४९). १२२९ च्या पॅरिस तहानुसार त्यांची एकुलती कन्या जोन हिचा विवाह संत लुई राजांचे बंधू आल्फाँस यांच्याशी ठरला. या दांपत्यास अपत्य न झाल्यास तुलूझ फ्रान्सच्या राजाकडे जावे, अशी अट होती. तुलूझ विद्यापीठाची स्थापनाही याच तहाने झाली. उभयता ऑगस्ट १२७१ मध्ये क्रुसेडहून परतताना निपुत्रिक निवर्तली आणि तुलूझ राजाच्या ताब्यात गेले.

फिलिपाचा वारसा घराण्याने नाकारला होता. जोनचा वारसा मात्र तहाच्या कलमात बांधला गेला आणि त्याच कलमाने हे घराणे संपले. रणांगणावर सिमों यांना जे टिकवता आले नाही, ते राजघराण्याला एका विवाहाने मिळाले.