हजेरी कुणाची, खुशी कुणाची?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या अकरा जणी तालुक्याच्या गावी एका लग्नात वाढपाला गेल्या होत्या. सकाळपासून ज्या उभ्या राहिल्या, त्या शेवटची पंगत उठेपर्यंत. संध्याकाळी हिशोबाला बसल्या, तर ठेकेदाराने ठरलेल्या हजेरीतून प्रत्येकीचे पन्नास रुपये कापलेले. का, तर म्हणे, "वरमाईने खुशीने पन्नास-पन्नास दिलेच की तुम्हाला. तुमचं नुकसान काय झालं?" आकडा तर जुळत होता, त्यामुळे कुणाला पटकन उत्तर सुचेना. एक काकू तेवढ्या म्हणाल्या, "मग वरमाईने पैसे आम्हाला दिले, का तुम्हाला?"

काकूंच्या या प्रश्नावर अमेरिकेत शंभर वर्षांहून जास्त काळ भांडण चालू आहे. आज तेच सांगणार आहे.

हॉटेलात जेवल्यावर वाढणाऱ्याच्या हातावर वरचे पैसे ठेवायचे, त्याला टिप म्हणतात. ही रीत अमेरिकेत युरोपातून आली. तिकडे फिरून आलेल्या श्रीमंतांनी ती आणली. सुरुवातीला पुष्कळ लोकांना ती आवडली नव्हती, कारण हात पसरायला लावणं हे राजेरजवाड्यांचं काम, आपल्या लोकशाहीत ते कशाला, असं त्यांचं म्हणणं. वॉशिंग्टन राज्याने तर 1909 साली टिपेवर बंदीचा कायदाच केला. पुढे आणखी काही राज्यांनी केले. पण 1926 पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले आणि टिप राहिली.

ती का राहिली, हे समजायला रेल्वेच्या डब्यात जावं लागतं. 1865 साली तिथली गुलामगिरी संपली. लाखो काळी माणसं मोकळी झाली, पण त्यांच्याकडे ना जमीन होती ना भांडवल. त्याच सुमारास जॉर्ज पुलमन नावाच्या उद्योजकाने झोपायची सोय असलेले आलिशान डबे सुरू केले आणि त्यात सेवेला ही काळी माणसं ठेवली. त्यांना पोर्टर म्हणत. बिछाने घालायचे, सामान उचलायचं, रात्रभर जागून प्रवाशांचे बूट चमकवायचे. बुटाचं पॉलिशसुद्धा स्वतःच्या पैशाने आणायचं! प्रवासी त्यांना नावानेही हाक मारत नसत. सगळे पोर्टर म्हणजे 'जॉर्ज', कारण मालकाचं नाव जॉर्ज.

पगार अगदी तोकडा. 1915 साली सरकारी आयोगापुढे या कंपनीची चौकशी झाली, तेव्हा बहुतेक पोर्टरांना महिन्याला साडेसत्तावीस डॉलर मिळत होते. बाकीचं पोट प्रवाशाच्या टिपेवर. म्हणजे नोकर कंपनीचा, पण त्याचा पगार भरायचा प्रवाशाने. आणि त्या वेळी कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष कोण होते माहीत आहे? रॉबर्ट लिंकन. ज्या अब्राहम लिंकनने गुलामगिरी संपवली, त्याचा सख्खा मुलगा.

1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली पोर्टरांनी संघटना बांधली. त्यांचं मागणं होतं की आम्हाला टिपेवर जगवू नका, जगण्यापुरता पगार द्या. नोकरी जाईल म्हणून कितीतरी पोर्टर उघडपणे सभेला येत नसत. मग त्यांच्या बायका येऊ लागल्या. जेवणं रांधून विकायची, कार्यक्रम करायचे आणि त्यातून संघटनेला पैसा उभा करायचा, हे त्या बायकांनी केलं. पुस्तकांत रँडॉल्फ यांचं नाव मोठं आहे, आणि ते योग्यच आहे. पण बारा वर्षं ती संघटना तगली, त्यात या स्वयंपाकाचा वाटा किती, हे आपल्याला सांगायला नको. 1937 साली कंपनीला करार करावा लागला. पगार वाढला, कामाचे तास कमी झाले.

पुढच्याच वर्षी, 1938 साली, अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला. पण हॉटेलात वाढणाऱ्या, शेतात राबणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या माणसांना त्यातून बाहेर ठेवलं. यात काळी माणसं किती आणि बायका किती, ते तुम्हीच ओळखा. हॉटेलवाल्यांना कायदा लागू व्हायला 1966 साल उजाडलं, आणि लागू होतानाच त्यात एक खोच ठेवली. गिऱ्हाईक टिप देत असेल तर मालकाने किमान वेतनाच्या निम्मंच द्यावं, उरलेलं टिपेतून भरलेलं धरावं. आमच्या ठेकेदाराने केलं ते हेच. त्याने पन्नास रुपयांसाठी केलं, तिथे देशाच्या कायद्यातच लिहिलं.

1991 साली हा निम्मा आकडा तासाला 2 डॉलर 13 सेंट झाला. 1996 साली तो किमान वेतनापासून तोडून तिथेच गोठवला. केंद्राचं किमान वेतन पुढे सव्वासात डॉलरपर्यंत गेलं, हा आकडा मात्र आजही तोच आहे. रुपये करून बघू नका, तिथे घरभाडं आणि किराणा डॉलरातच भरायचा असतो. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरावा असं कायदा म्हणतो. पण त्यासाठी आठवड्याचा हिशोब मालकापुढे मांडून भांडायला हवं, आणि पुढच्या आठवड्यात कुणाला कोणती पाळी द्यायची हे तोच मालक ठरवतो.

टिपेवर जगणाऱ्यांत तिथे निम्म्याहून जास्त बायका आहेत. टेबलावरच्या माणसाचा हात खांद्यावर आला तरी हसावं लागतं, कारण तिचा पगार त्याच हातात आहे.

आता दुसरी बाजू. मेन नावाच्या राज्यात 2016 साली लोकांनी मतदान करून टिपवाल्यांचा पगार वाढवायचं ठरवलं. दुसऱ्याच वर्षी तो निर्णय फिरवला गेला, आणि फिरवा म्हणणाऱ्यांत खुद्द वाढपी होते! चांगल्या हॉटेलात शनिवारी रात्री मिळणारी टिप पगारापेक्षा भारी पडते; पगार वाढला तर लोक टिप देणार नाहीत, अशी त्यांना भीती. ती भीती खोटी म्हणता येत नाही. पण शनिवार रात्रीची पाळी सगळ्यांना मिळत नाही. मंगळवारी दुपारी रिकाम्या टेबलांपाशी उभी असणारी बाईही वाढपीच आहे. कॅलिफोर्नियासह सात राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, टिप वेगळी. तिथली हॉटेलं काही बंद पडली नाहीत.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. महार वतनदार सरकारचं काम रात्रंदिवस करत. पण सरकार त्यांना पुरता पगार देत नव्हतं. वतनाचा जमिनीचा तुकडा आणि गावाने घातलेलं बलुतं, यावर भागवायचं. गाव रुसलं की बलुतं बंद. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं, की या बलुत्याचे पैसे करा, ते सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावेत आणि सरकारनेच पगार द्यावा. म्हणजे पोटासाठी कुणाच्या दारात, कुणाच्या मर्जीवर उभं राहायला नको. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही.

तुळशीच्या लग्नानंतर यंदाचे मुहूर्त सुरू होतील. आम्ही ठेकेदाराला सांगून ठेवलंय, हजेरी आधी कागदावर लिहा, खुशीचा रकाना आमच्या वहीत राहील. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. दोन कामं शेजारच्या गावातल्या बायकांना दिली, असंही कानावर आलंय. त्या मैत्रिणी हे ऐकत असतील तर त्यांच्यावर आमचा राग नाही. आमच्या गटाची बैठक बुधवारी दुपारी देवळामागच्या सभामंडपात असते. एकदा या.