सुट्टीचा अर्ज कोणाकडे करायचा?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही किंवा जे ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, दिवसभर कोड लिहितो. पण या वेळचा विषय घरातूनच आला.

माझी ताई घरून छोट्या दुकानदारांचे हिशेब बघते. टॅलीच्या एन्ट्र्या, जीएसटी रिटर्न वगैरे. दर महिन्याची २० तारीख तिच्या डोक्यावर टांगलेली असते. गेल्या वर्षी ११ तारखेला तिला मुलगी झाली. १८ तारखेला मी घरी गेलो, तर एका हातात बाळ, शेजारी डिंकाच्या लाडवांचा डबा आणि समोर लॅपटॉप. आई चिडलेली: "अगं, सव्वा महिना तरी पड!" ताई म्हणाली, "पडते. तीन रिटर्न राहिलेत फक्त."

त्याच महिन्यात माझ्या टीममधली एक मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवर गेली. २६ आठवडे, पूर्ण पगारी. मी ताईला सहज विचारलं, तुला असं काहीच नाही का? ती हसली. "अर्ज कोणाकडे करू? मीच माझी साहेब!"

हा विनोद डोक्यातून जाईना. म्हणून शोधत गेलो, आणि पोचलो थेट शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणगावात.

चाळ एक, बायका दोन

१९२० च्या दशकातली परळ-लालबागची चाळ डोळ्यासमोर आणा. एका खोलीतली बाई गिरणीत जाते. गिरणीतल्या बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात असायच्या. शेजारच्या खोलीतली बाई खानावळ चालवते. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवतात. पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते, चूल मात्र विझत नाही.

दोघींच्या पोटात बाळ आहे असं समजा. पुढे काय होतं?

गिरणीवालीचे हाल सरकारी कागदावर आले. डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टरबाईंनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या कामगार बायकांची पाहणी केली. अंधाऱ्या खोल्यांतली बाळंतपणं, लगेच कामावर परतण्याची घाई, आणि आई कामावर असताना बाळ झोपून राहावं म्हणून दिली जाणारी अफूची बाळगोळी, हे सगळं त्यात नोंदलं गेलं. बाळगोळी देणाऱ्या आया दुष्ट होत्या का? अजिबात नाही. खाडा म्हणजे मजुरी गेली, एवढंच साधं गणित होतं.

खानावळवालीची अशी पाहणी त्यात नव्हती. ती 'कामगार' या शब्दातच बसत नव्हती.

१९२८: एक भाषण

१९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने मातृत्व संरक्षणाचा करार केला. भारताने तो मान्य केला नाही. मग कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं.

पुढे असंच विधेयक मुंबई प्रांताच्या कौन्सिलात आलं. २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. पण माझ्यासाठी खरी ओळ पुढची आहे. या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी आहे. मालकाला बाईच्या श्रमातून फायदा होतो, म्हणून त्यानेही वाटा द्यावा.

१९२९ मध्ये कायदा झाला. भारतातला असा पहिला. मुंबईत दिवसाला आठ आणे मिळणार, आणि प्रसूतीनंतर चार आठवडे कारखान्यात काम करायला बंदी. फार मोठी गोष्ट होती ही. पण पैसे द्यायचे होते एकट्या मालकाने. सरकारचा वाटा राहूनच गेला.

त्याचे दोन परिणाम झाले. पहिला, बाई कामावर ठेवणं मालकाच्या हिशेबात महाग ठरलं. पुढच्या दशकांत गिरण्यांतून बायकांची संख्या घटत गेली. त्याला रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रं अशी बाकी कारणंही होती, आणि कशाचा वाटा किती यावर इतिहासकार अजून वाद घालतात. दुसरा परिणाम मात्र सरळ आहे. मालकच नसेल, तर लाभही नाही. खानावळवाली गेटच्या बाहेर राहिली.

गेट तसंच राहिलं

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये देशभरासाठी मातृत्व लाभ कायदा आला. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं की मस्टर रोलवरच्या रोजंदारी बायकांनाही हा हक्क आहे. २०१७ मध्ये १२ आठवड्यांचे २६ झाले. गेट मोठं होत गेलं, पण भिंत तीच: मालक दाखवा.

या कायद्यात १८ वं कलम होतं. रजा मंजूर झाल्यावर बाईने त्या काळात कुठल्याही आस्थापनेत काम केलं, तर तेवढ्या काळाचा लाभ जातो. कारखान्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. नाहीतर मालक म्हणेल, "जरा येऊन जा," आणि विश्रांती कागदावर राहील.

पण हा नियम गृहीत काय धरतो बघा. काम म्हणजे स्विच. ऑन किंवा ऑफ. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत बूलियन. स्वतःचा धंदा करणाऱ्या बाईचं काम असं नसतंच. खानावळवालीने दोन महिने चूल बंद ठेवली, तर तिची गिऱ्हाइकं दुसरीकडे जेवायला लागणार. ताईने दोन रिटर्न चुकवले, तर दुकानदार दुसरा माणूस बघणार. तिला पूर्ण सुट्टी परवडत नाही आणि पूर्ण काम झेपत नाही. तिला हवं असतं थोडं काम, जास्त आराम, आणि मधल्या खड्ड्यासाठी थोडे पैसे.

हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये 'मॅटर्निटी अलाउन्स' स्वयंरोजगारी बाईलाही ३९ आठवड्यांपर्यंत मिळतो, आणि त्या काळात १० दिवसांपर्यंत काम केलं तरी तो जात नाही. जर्मनीत पालकांच्या भत्त्यासोबत आठवड्याला ३२ तासांपर्यंत काम चालतं. ज्यांचे मित्र म्युनिकला आहेत त्यांनी विचारून बघा. कमाईनुसार भत्ता कमी होतो, पण थोडं काम केलं म्हणून दार बंद होत नाही. तिथेही फॉर्मची कटकट आहेच. फरक एवढाच, की तिथे अर्ज सरकारी यंत्रणेकडे करायचा असतो. १९२८ च्या भाषणात हेच तर होतं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे २०१७ पासून प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. मजुरी बुडते त्याची अंशतः भरपाई, हा तिचा जाहीर हेतू आहे. काम केलं म्हणून हे पैसे कापले जात नाहीत, ही चांगली गोष्ट. पण ५,००० रुपये २६ आठवड्यांत, म्हणजे १८२ दिवसांत वाटा. दिवसाला साडेसत्तावीस रुपये सुद्धा होत नाहीत.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत स्वयंरोजगारी आणि गिग कामगारांसाठी मातृत्व लाभाच्या योजनांची तरतूद आहे. म्हणजे खानावळवालीचं नाव अखेर कागदावर आलं. पण नोकरदार बाईसाठी २६ आठवडे संहितेतच लिहिलेत. हिच्यासाठी किती आठवडे, किती रुपये, ती जागा रिकामी आहे.

गिरणगावच्या त्या बायका गप्प बसल्या नाहीत, हेही सांगायला हवं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. बँकेने त्यांचा धंदा 'काम' म्हणून मोजला. बाळंतपणात मात्र तोच धंदा अजून 'घरचं काम' ठरतो.

तर मंडळी, दोन कामं करा. तुमच्या घरात, ओळखीत कोणी शिवणकाम, क्लास, डबे, फ्रीलान्सिंग करणारी गरोदर असेल, तर अंगणवाडीत जाऊन मातृ वंदनेच्या अटींत ती बसते का विचारा. रक्कम छोटी आहे, पण हक्काची आहे. आणि दुसरं, "घरूनच तर करते, तिला कसली सुट्टी?" हे वाक्य ऐकलंत, तर सोडून देऊ नका.

ताईची मुलगी आता रांगते. २० तारीख जवळ आली की लॅपटॉपकडेच रांगते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर आपल्या आजीला विचारा, तिच्या बाळंतपणात चूल किती दिवस बंद होती. उत्तर आलं की मला नक्की कळवा.