‘काम काय करता?’ : कंपवात, मँगनीज आणि कारखान्याच्या दारातला डॉक्टर

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना आपण बहुधा कारखान्यांच्या तारखा मोजतो. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ, १९८२ साली महानगरपालिका आणि पुढे चाकण. या तारखांच्या कडेने आणखी एक इतिहास चालत आला आहे, तो कामगाराच्या शरीराचा. त्यातील एका दुखण्याविषयी, किंबहुना ते दुखणे ओळखायला डॉक्टर कसे शिकले याविषयी, आजचा धागा. लांबला आहे, सवडीने वाचावा.

आरंभ घरापासून करतो. माझे मामा भोसरीतील एका लहान वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षे वेल्डिंग करीत होते. पन्नाशीनंतर त्यांचा उजवा खांदा आखडला. ‘फ्रोझन शोल्डर’ असे निदान झाले आणि शेक, गोळ्या, इंजेक्शने यांत दोन वर्षे गेली. दरम्यान अक्षर मुंगीएवढे झाले, चालताना उजवा हात हलेनासा झाला, चेहरा कोरा पडला. मामी म्हणायची, “हे सदा रागावल्यासारखे का बसतात?” हात थरथरत नव्हता, म्हणून पार्किन्सनचे नाव कोणाच्या मनातही आले नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र मामा दारातून खुर्चीपर्यंत येईतो त्यांची चाल न्याहाळली आणि पहिलाच प्रश्न केला, “काका, काम काय करता?”

हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. १७०० साली इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत त्याच्या धंद्याचा प्रश्न घालावा, असे वैद्यांना बजावले.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सनने ‘थरथरत्या पक्षाघाता’वर छोटेखानी निबंध लिहिला. त्यात अवघे सहा रुग्ण आहेत. त्यांतील काही त्याला रस्त्यात भेटले आणि एकाला तर त्याने केवळ दुरून पाहिले होते. पहिला रुग्ण माळी, तिसरा खलाशी. म्हणजे धंद्याची नोंद त्यानेही ठेवली. पुढे पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को याने या रोगाला पार्किन्सनचे नाव दिले. ‘पक्षाघात’ हा शब्द त्याला मान्य नव्हता, कारण या रुग्णांची शक्ती गेलेली नसते. हालचाल मंदावलेली आणि स्नायू ताठरलेले असतात. कंप नसतानाही हा रोग असू शकतो, हेही त्याने विद्यार्थ्यांना रुग्ण समोर उभे करून शिकवले. मामांच्या बाबतीत नेमका हाच धडा दोन वर्षे कोणाला आठवला नाही.

पार्किन्सननंतर बरोबर वीस वर्षांनी, १८३७ साली, ग्लासगोच्या जॉन कूपरने पाच कामगारांची हकीकत छापली. विरंजक चुना बनवणाऱ्या कारखान्यात ते मँगनीजची भुकटी दळत. पाय लटपटलेले, चालताना पुढे झुकणारी काया, कुजबुजल्यासारखा आवाज, तोंडातून गळणारी लाळ. पण कंप नाही. हा निबंध पुढे विस्मरणात गेला. १९०१ साली जर्मन भाषक वैद्यांनी हेच दुखणे जणू नव्याने शोधले. वैद्यकाच्या इतिहासात शोध लागणे आणि तो ध्यानात राहणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला प्रथम येथे जाणवले.

मँगनीज आपल्याला परके नाही. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील चिखला, डोंगरी बुजुर्ग, गुमगाव, मनसर या खाणींतून शतकाहून अधिक काळ ते निघत आहे. ते पोलादात मिसळले जाते, वेल्डिंगच्या कांडीतही असते, आणि ठिणगीबरोबर उठणाऱ्या धुरातून श्वासात जाते. म्हणजे विदर्भात खाणकामगार आणि भोसरी-चाकणला वेल्डर, अशी या धातूची दोन्ही टोके महाराष्ट्रातच आहेत.

आता जरा आडवाट. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर सर्पगंधा गुणकारी असल्याचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. हे औषध घेणाऱ्या काहींना पार्किन्सनसारखीच लक्षणे होऊ लागली. स्वीडनच्या अर्विद कार्लसनने रेसर्पिन देऊन ससे निश्चल केले आणि डोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. हे साल १९५७. तो डोपा खाजकुयलीच्या बियांतून मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच वेगळा केला होता. आयुर्वेदातील कपिकच्छू ती हीच. (आपल्याकडे याचा अर्थ ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असा लावण्याची घाई होते. वनस्पती ठाऊक असणे वेगळे आणि तिच्यातील कोणता रेणू मेंदूत काय करतो हे कळणे वेगळे.)

सर्पगंधेचा हा धडा दवाखान्यात आजही लागू आहे. चक्करेसाठी सर्रास दिली जाणारी सिनारिझिन किंवा उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड दीर्घकाळ घेतल्यास हुबेहूब पार्किन्सन उभा राहू शकतो. अशा वेळी नवे औषध लिहिण्याआधी जुनी चिठ्ठी मागून पाहावी लागते.

मँगनीजची आणि औषधाची वाट अखेर एकाच माणसापाशी मिळते. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील जॉर्ज कोट्झियास हा मूळचा क्रीट बेटावरचा डॉक्टर मँगनीजचा अभ्यासक होता. चिलीतील खाणकामगारांना त्याने तपासले होते. डोपाचे प्रयोग व्हिएन्नात १९६१ सालीच झाले होते, परंतु परिणाम टिकत नसे. कोट्झियासने अगदी थोड्या मात्रेने आरंभ करून ती आठवड्यांगणिक वाढवत नेली आणि १९६७ साली निष्कर्ष छापले. वर्षानुवर्षे जखडलेले रुग्ण चालू लागले. औषध तेच होते; देण्याची रीत बदलली होती.

दोन्ही दुखण्यांतील भेद डॉक्टरला ठाऊक असणे का महत्त्वाचे, ते येथे कळते. पार्किन्सन सहसा एका बाजूने सुरू होतो आणि लेव्होडोपाला चांगला प्रतिसाद देतो. मँगनीजची बाधा बहुधा दोन्ही अंगांना होते, रुग्ण मागे तोल जाऊन पडतो, कधी कोंबड्यासारखा चवड्यांवर चालतो आणि लेव्होडोपाचा त्याला फारसा गुण येत नाही. बाधेचे घर मेंदूतील वेगळ्याच भागात असते. वेल्डिंगमुळे नेहमीचा पार्किन्सन होतो का, यावर मात्र तज्ज्ञांत वाद आहे. मामांचा उजवा हात आधी गेला आणि गोळ्यांनी महिन्याभरात फरक पडला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हा साधा पार्किन्सनच आहे, धुरावर खापर फोडण्यास आधार नाही. तरीही ‘वेल्डर, २६ वर्षे’ ही नोंद त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर केली.

कायद्याने ही नोंद कधीच मागितली आहे. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचित रोगांची यादी होती आणि तीत मँगनीजची विषबाधा होती. कलम ८९ अन्वये असा रुग्ण तपासणाऱ्या कोणत्याही डॉक्टरने, मग तो कारखान्याचा नोकर असो वा गल्लीतील दवाखानेवाला, मुख्य कारखाना निरीक्षकास लेखी कळवणे बंधनकारक होते. निदान खरे ठरल्यास डॉक्टरला शुल्क मिळे आणि ते कारखान्याच्या भोगवटादाराकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येई. इतकी चोख तरतूद वाचून मी चकित झालो. २०२०च्या नव्या संहितेनेही यादी ठेवली आहे.

तरतूद होती, ती शिकवणार कोण, हा प्रश्न होता. कारखान्यातील डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था तो चालवते. पण भोसरीच्या दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपला स्वतःचा डॉक्टर नसतो. तेथील कामगार जातो तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, चिंचवडच्या मोहननगरातील राज्य विमा रुग्णालयात किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात. चाल पाहायला तेवढी पुरतात. कपडे, पगार, घर यांची चौकशी नको, फक्त कामाची हवी.

मामा आता गोळी जेवणाच्या आधी, घड्याळ लावून घेतात. प्रथिनांचे जेवण औषधाच्या शोषणात आड येते, हे त्यांना नीट समजावले गेले आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला मामी त्यांना घेऊन जाते. आणि वर्कशॉपमधील जुने सोबती भेटले की चहा येईपर्यंत मामा त्यांच्या हातांकडे पाहत बसतात, चालताना दोन्ही हलतात की एकच.