फॅलेनॉप्सिस : नवी वाढ आणि मुळांची परीक्षा

फॅलेनॉप्सिस ही ऑर्किडेसी कुलातील प्रजाती. घरात खिडकीशी ठेवायला विकत मिळणारी ऑर्किडे बहुतेक याच प्रजातीचे संकर असतात. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लुडविग ब्लूमे यांनी १८२५ मध्ये ती स्थापन केली. तिच्यातील पांढऱ्या फुलांची फॅलेनॉप्सिस अमाबिलिस ही जाती १९९३ पासून इंडोनेशियाच्या राष्ट्रीय फुलांपैकी एक आहे. मूळची ही झाडे आग्नेय आशियातील दमट जंगलांत, दुसऱ्या झाडांच्या फांद्यांना धरून वाढतात. सह्याद्रीत सीतेची वेणी हे ऑर्किड असेच उघड्या मुळांवर राहते. कुंडीबाहेर लोंबणारी मुळे पाहून पुष्कळजण घाबरतात आणि ती छाटतात. तसे करू नये, ती झाडाची नेहमीची मुळे आहेत.

फॅलेनॉप्सिसला एकच खोड आणि एकच शेंडा असतो. नवे पान नेहमी मधल्या पोंग्यातून, आधीच्या पानाच्या विरुद्ध बाजूला येते, म्हणून ते ओळखायला अडचण पडत नाही. घोटाळा होतो तो खोडाच्या बाजूने बाहेर येणाऱ्या हिरव्या टोकाबाबत. ते मूळ असेल किंवा फुलांचा दांडा असेल. मुळाचे टोक गुळगुळीत, गोलसर आणि चकचकीत असते, रंग हिरवा किंवा तांबूस. थोडे वाढले की टोकामागचा भाग रुपेरी पांढरा होतो. दांड्याचे टोक किंचित चपटे आणि एका अंगाला झुकलेले असते, त्यावर एकावर एक बसलेली खवल्यांसारखी आवरणे दिसतात, आणि तो पांढरा कधीच पडत नाही. दांडा बहुधा वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या बगलेतून निघून उजेडाकडे वळतो. पहिल्या आठवड्यात दोन्ही इतकी सारखी दिसतात की निर्णयाची घाई न केलेली बरी. ऋतूही मदत करतो. तापमान सतत २८ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर दांडा सहसा धरत नाही. काही आठवडे २५ अंशांच्या खाली राहिले तर धरतो. त्यामुळे पुणे-नाशिककडे थंडी पडल्यावर दिसलेले टोक दांड्याचे असण्याची शक्यता मे महिन्यातल्या टोकापेक्षा बरीच जास्त.

जुन्या दांड्याच्या पेऱ्यावर कधी आधी पाने आणि मग मुळे फुटतात. हे पिल्लू, म्हणजेच केइकी. दोन-तीन मुळे पाचेक सेंटिमीटर झाली की ते वेगळे लावता येते. मात्र पिल्लू दिसले की मूळ झाडाचा पोंगा जरूर तपासावा. शेंडा कुजलेले झाडही पिल्ले काढते.

झाडाची खरी तब्येत मुळांवरून कळते, पानांवरून ती फार उशिरा कळते. पाने मऊ पडून सुरकुतली की पाणी कमी पडले असे वाटते आणि आणखी पाणी घातले जाते. पण मुळे कुजली तरी पाने अशीच सुरकुततात, कारण पाणी शोषायला काही उरलेलेच नसते. घरातली पुष्कळ फॅलेनॉप्सिस या एका गैरसमजापायी मरतात. म्हणून आधी मुळे पाहावीत, मगच पाणी द्यावे.

मुळावर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना त्यात हवा असते आणि मूळ रुपेरी दिसते. पाणी शोषले की ते पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. मुळे रुपेरी झाली की पाण्याची वेळ झाली. पारदर्शक कुंडीचा मोठा उपयोग हाच. कुंडीच्या मध्यभागी, उजेड न मिळालेली मुळे पिवळट असतात, तो रोग नव्हे. शंका आली तर मूळ बोटांत दाबावे. निरोगी मूळ टणक लागते. कुजलेले मूळ तपकिरी आणि लिबलिबीत असते, आणि भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखे त्याचे आवरण हातात येऊन आत नुसता दोरा राहतो. पाण्याअभावी मेलेले मूळ पोकळ आणि कागदी लागते. फक्त टोके काळी पडली असतील आणि कुंडीत भरलेल्या माध्यमावर पांढरी पुटे असतील तर खताचे क्षार साठले आहेत.

दुकानातून आणलेल्या रोपाच्या मुळांच्या गाभ्यात पुष्कळदा मॉसचा घट्ट गोळा असतो. कुंडीत वर भरलेले सालीचे तुकडे कोरडे दिसत असतानाही तो ओला राहतो, आणि कूज तिथूनच सुरू होते. पावसाळ्यात हा धोका वाढतो. अशा वेळी गोळा काढावा, मेलेली मुळे निर्जंतुक कात्रीने टणक भागापर्यंत छाटावीत आणि रोप सालीच्या तुकड्यांत व कोळशात, मुळांना पुरेल एवढ्याच कुंडीत लावावे. एरवी कुंडी बदलायची ती फुले गळल्यावर, बुंध्याशी नवी हिरवी टोके दिसू लागताना. कूज लागली असेल तर मात्र दांडा फुलांवर असला तरी थांबू नये.